मेमरी कार्ड फॉरमॅट झालं, फाइल्सही दिसतात, पण बोर्ड बूट होत नाही

लॅपटॉपवर कार्ड उघडतं, दोन्ही पार्टिशन दिसतात, फाइल्स जागच्या जागी असतात. रास्पबेरी पाय या छोट्या संगणक बोर्डात (पुढे नुसतं 'पाय') घातलं की लाल दिवा लागतो आणि पुढे काहीच नाही. इथे बहुतेक जण कार्ड पुन्हा फॉरमॅट करतात, त्याच कमांडनी, त्याच क्रमाने, आणि पुन्हा तेच घडतं. फॉरमॅट सहसा नीटच झालेलं असतं. बूट सुरू करणारा कोड कार्डावर एका ठरावीक जागी एक ठरावीक गोष्ट शोधतो, आणि ती तिथे नसते. म्हणून आधी गाडी नेमकी कुठे अडली ते ओळखायचं आणि मगच कार्डाला हात लावायचा.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना सगळं लहान रोमन अक्षरांत टाइप करा. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. सगळं लिनक्सवरून करायचं आहे. उदाहरणात कार्डाचं नाव /डेव्ह/एसडीबी धरलं आहे. तुमच्याकडे ते वेगळं असू शकतं.

कुठे अडलं ते आधी बघा

पाय ४ पर्यंतच्या मॉडेलवर हिरवा दिवा बोलतो. तो ठरावीक विराम घेऊन ४ वेळा लुकलुकत असेल तर स्टार्ट डॉट ईएलएफ (पाय ४ वर स्टार्ट४ डॉट ईएलएफ) ही फाइल मिळत नाहीये. ७ वेळा लुकलुकत असेल तर फर्मवेअर चालू झालं, पण कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, फाइल सापडली नाही. स्क्रीनवर इंद्रधनुष्यी चौकोन येऊन तिथेच थांबत असेल तर तेही कर्नलपाशीच अडलं आहे. कर्नलच्या ओळी धावल्या आणि 'वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' वर थांबल्या, तर पहिलं पार्टिशन निर्दोष आहे, गडबड दुसऱ्याची किंवा त्याच्या पत्त्याची आहे.

पाय ४ आणि ५ ला एचडीएमआयने स्क्रीन जोडा आणि मिनिटभर थांबा. बूट जमलं नाही तर बूटलोडर (बूट सुरू करणारा कोड) स्वतःच माहितीचा पडदा दाखवतो. त्यातली 'पार्ट' आणि 'एमबीआर' (कार्डाच्या सुरुवातीचं पार्टिशन टेबल) असलेली ओळ फार कामाची. तिथे चार जोड्या असतात: पार्टिशनचा प्रकार आणि सुरुवातीचा सेक्टर, दोन्ही हेक्समध्ये. पुढे दिलेल्या पद्धतीने बनवलेल्या कार्डाची पहिली जोडी ०सी आणि ००००२००० अशी दिसेल, दुसरी ८३ आणि ००१०२०००. हेक्समधले २००० म्हणजे ८१९२. सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे पहिलं पार्टिशन बरोबर ४ एमआयबीवर (एक एमआयबी म्हणजे १०२४ × १०२४ बाइट) सुरू होतं. पहिल्या जोडीत प्रकार ०७ दिसला तर निदान तिथेच झालं: कार्ड एक्सफॅट या फाइल सिस्टममध्ये (फाइल्स मांडायच्या पद्धतीत) आहे.

हेच सगळ्यात जास्त वेळा घडतं. ३२ जीबीपर्यंतची कार्डं कारखान्यातून फॅट३२ मध्ये येतात, त्यावरची, म्हणजे ६४ जीबी आणि पुढची, एक्सफॅटमध्ये. पायचं बूटलोडर एक्सफॅट वाचत नाही. त्यामुळे जुन्या ३२ जीबी कार्डावर नुसत्या फाइल्स कॉपी करून जमलेलं काम नव्या ६४ जीबी कार्डावर जमत नाही, आणि दोष कार्डाच्या कंपनीवर जातो. मोठं कार्डही चालतं. फक्त त्याचं बूट पार्टिशन फॅट३२ हवं.

कार्ड नक्की कोणतं

कार्ड घालण्यापूर्वी आणि घातल्यानंतर, दोन्ही वेळा हे चालवा:

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,टाइप,माउंटपॉइंट,मॉडेल

दुसऱ्या वेळी जी नवी ओळ आली ते तुमचं कार्ड. आकारावरूनही खात्री करा, पण इथे आकडे गिबिबाइटमध्ये येतात, त्यामुळे ६४ जीबीचं कार्ड ५९ आणि काही असं दिसेल. ते बरोबर आहे. यूएसबी रीडरमधलं कार्ड एसडीबी किंवा एसडीसी होतं आणि पार्टिशन एसडीबी१, एसडीबी२. लॅपटॉपच्या आतल्या स्लॉटमधलं कार्ड बहुधा एमएमसीबीएलके० होतं, आणि त्याच्या पार्टिशनच्या आकड्याआधी पी लागतो: एमएमसीबीएलके०पी१. तो पी विसरला की कमांड 'अशी फाइल नाही' म्हणते आणि माणूस कार्ड खराब झालं समजतो.

पुढच्या सगळ्या कमांड दिलेल्या नावावर डोळे मिटून चालतात. एसडीबीच्या जागी एसडीए गेलं तर लॅपटॉपची हार्ड डिस्क जाईल. एंटर मारण्याआधी नाव पुन्हा वाचायची सवय लावून घ्या.

'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी'

डेस्कटॉपवाल्या लिनक्सवर कार्ड घातलं की ते आपोआप माउंट होतं, म्हणजे सिस्टमला जोडलं जातं. अशा वेळी सिग्नेचर (फाइल सिस्टमची किंवा टेबलाची खूण) पुसायला गेलात तर 'बिझी' म्हणून नकार येतो, किंवा एफडिस्क (पार्टिशन पाडायचं साधन) बदल लिहितो आणि शेवटी सांगतो की पार्टिशन टेबल पुन्हा वाचता आलं नाही. ही दुसरी सूचना लोक वाचून सोडून देतात, आणि तिथेच फसतात. कार्डावर नवं टेबल लिहिलं गेलेलं असतं, पण कर्नल जुन्याच हद्दी धरून बसलेला असतो. त्यानंतर केलेलं फॉरमॅट जुन्या हद्दीत होतं. कार्ड काढून परत घातलं की फाइल सिस्टम एका आकाराची आणि पार्टिशन दुसऱ्या आकाराचं.

उपाय साधा आहे. आधी सगळी पार्टिशन सोडवा:

सुडो यूमाउंट /डेव्ह/एसडीबी१ /डेव्ह/एसडीबी२

(या कमांडच्या स्पेलिंगमध्ये यू नंतर थेट एम आहे, मध्ये एन नाही.) फाइल मॅनेजरच्या खिडक्या बंद करा, त्या फोल्डरमध्ये उभं असलेलं टर्मिनल बाहेर काढा. टेबल बदलल्यावर सुडो पार्टप्रोब /डेव्ह/एसडीबी चालवा आणि एलएसबीएलकेमध्ये नवे आकार दिसतात का बघा. दिसत नसतील तर कार्ड काढून घाला. ते दिसल्याशिवाय फॉरमॅटला हात लावू नका.

जुनं पुसणं

नुसतं नवं टेबल लिहून जुनं जात नाही. कार्डावर आधी जीपीटी (एमबीआरनंतरचा नवा प्रकार) टेबल असेल तर त्याची एक प्रत सुरुवातीला आणि दुसरी कार्डाच्या अगदी शेवटी असते. डीडीने पहिला एक एमबी शून्य केला तरी शेवटची प्रत राहते, आणि पुढे कधीतरी पार्टेड तिच्यावरून तक्रार करतो. वाइपएफएस दोन्ही टोकं साफ करतं.

आणखी एक बारकावा आहे. वाइपएफएस पूर्ण डिस्कवर चालवलं तर ते टेबलाची खूण पुसतं, पार्टिशनच्या आतल्या फाइल सिस्टमची नाही. नंतर तुम्ही नवं पार्टिशन त्याच सेक्टरवर सुरू केलंत, तर जुनी फाइल सिस्टम जशीच्या तशी पुन्हा वर येते. एफडिस्क अशा वेळी विचारतो की इथे व्हीफॅटची सिग्नेचर आहे, काढू का? तिथे 'वाय' म्हणायचं. पण प्रश्न येण्याची वाट कशाला बघायची. आधी आतली पार्टिशन पुसा, मग डिस्क:

सुडो वाइपएफएस -ए /डेव्ह/एसडीबी१ /डेव्ह/एसडीबी२
सुडो वाइपएफएस -ए /डेव्ह/एसडीबी

पार्टिशन पाडणं

सुडो पार्टेड -एस /डेव्ह/एसडीबी एमकेलेबल एमएसडॉस
सुडो पार्टेड -एस /डेव्ह/एसडीबी एमकेपार्ट प्रायमरी फॅट३२ ४एमआयबी ५१६एमआयबी
सुडो पार्टेड -एस /डेव्ह/एसडीबी एमकेपार्ट प्रायमरी ईएक्सटी४ ५१६एमआयबी १००%
सुडो पार्टेड -एस /डेव्ह/एसडीबी सेट १ एलबीए ऑन

एमआयबी लिहिताना एम आणि बी मोठे, आय लहान. नुसतं एमबी लिहिलंत तर पार्टेड १० लाख बाइटचा एमबी धरतो आणि आकडा नेमका न पाळता आसपासचा सेक्टर निवडू शकतो. कार्डातली फ्लॅश मेमरी मोठ्या ब्लॉकने पुसली जाते. पार्टिशन ब्लॉकच्या मधोमध सुरू झालं तर छोट्या लिखाणालाही दोन ब्लॉक हलवावे लागतात. कार्ड हळू होतं आणि लवकर झिजतं. ४ एमआयबीवरची सुरुवात बहुतेक कार्डांना सोसते.

बूट पार्टिशनला ५१२ एमआयबी दिले आहेत, कारण रास्पबेरी पाय ओएसची बुकवर्म नावाची आवृत्ती तेवढंच ठेवते. त्याआधी २५६ होते आणि कर्नलच्या अपडेटच्या वेळी ते भरून जायचे. उलट फार लहानही करू नका. फॅट३२ ला किमान ६५,५२५ क्लस्टर लागतात. ३२ एमबीचं पार्टिशन जबरदस्तीने फॅट३२ केलं तर फॉरमॅट करणारी कमांड नुसती ताकीद देऊन पुढे जाते, पण क्लस्टर मोजून प्रकार ठरवणारा बूट कोड त्याला फॅट१६ समजतो आणि कचरा वाचतो.

पार्टेडच्या ओळीतल्या 'फॅट३२' आणि 'ईएक्सटी४' या शब्दांनी फॉरमॅट होत नाही. ते फक्त टेबलात प्रकाराचा आकडा भरतात. फॉरमॅट वेगळं करायचं असतं, आणि ते न करता थेट माउंट करायला गेलेल्यांची 'राँग एफएस टाइप' ही तक्रार कायम दिसते.

फॉरमॅट

सुडो एमकेएफएस.व्हीफॅट -एफ ३२ -एन बूट /डेव्ह/एसडीबी१
सुडो एमकेएफएस.ईएक्सटी४ -एल रूटएफएस /डेव्ह/एसडीबी२

पहिल्या ओळीतला एफ मोठा, एन लहान, आणि बूट हे लेबल मोठ्या अक्षरांत. दुसऱ्या ओळीतला एल मोठा. हे दिसायला किरकोळ आहे, पण व्हीफॅटमध्ये लहान एफ म्हणजे फॅट टेबलांची संख्या, त्यामुळे लहान एफ पुढे ३२ दिलंत तर कमांड चूक दाखवते. ईएक्सटी४ मध्ये लहान एल म्हणजे खराब ब्लॉकची यादी असलेली फाइल. तेव्हा ती 'रूटएफएस' नावाची फाइल शोधत बसते.

नाव देताना शेवटचा १ राहून गेला आणि कमांड पूर्ण एसडीबीवर गेली, तर व्हीफॅटची कमांड नकार देते आणि सुचवते की हवंच असेल तर मोठा आय पर्याय द्या. तो देऊ नका. दिलात तर पहिल्याच सेक्टरवर फॅटचा बूट सेक्टर चढतो आणि आत्ताच पाडलेलं टेबल जातं.

ईएक्सटी४ बाबत एक नवी अडचण आली आहे. ई२एफएसप्रॉग्स १.४७.० पासून, म्हणजे २०२३ पासून, 'मेटाडेटा_सीसम_सीड' आणि 'ऑर्फन_फाइल' ही दोन वैशिष्ट्यं मूळ आवृत्तीत आपोआप चालू असतात. नव्या लॅपटॉपवर फॉरमॅट केलेलं कार्ड जुन्या सिस्टमच्या बोर्डावर नेलं, की तिथलं ईएक्सटी४ तपासणारं साधन 'फीचर_सी१२' ओळखत नाही म्हणून थांबतं, आणि बूट तपासणीपाशीच अडकतं. बोर्डावरची सिस्टम जुनी असेल तर फॉरमॅट करतानाच दोन्ही बंद करा. त्यासाठी मोठ्या ओ चा पर्याय द्या आणि पुढे प्रत्येक नावाआधी ^ ही खूण:

सुडो एमकेएफएस.ईएक्सटी४ -ओ ^मेटाडेटा_सीसम_सीड,^ऑर्फन_फाइल -एल रूटएफएस /डेव्ह/एसडीबी२

फाइल्स भरताना

बूट पार्टिशनच्या मुळाशी थेट फाइल्स हव्यात. 'बूट' नावाचा फोल्डर जसाच्या तसा आत टाकला तर पाय ४ वर चार लुकलुक ठरलेल्या. पाय ३ आणि त्याआधीच्या मॉडेलना बूटकोड डॉट बिन कार्डावरच लागते. पाय ४ चं बूटलोडर बोर्डावरच्या ईईप्रॉममध्ये आहे, त्याला स्टार्ट४ डॉट ईएलएफ आणि फिक्सअप४ डॉट डॅट हवेत. पाय ५ ला या स्टार्ट फाइल्सही लागत नाहीत. कॉन्फिग डॉट टीएक्सटी, कर्नल आणि त्याची डीटीबी (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन असलेली) फाइल पुरतात. म्हणून पाय ३ साठी बनवलेलं जुनं कार्ड पाय ५ मध्ये चालेल असं धरू नका.

रूट पार्टिशनवर साध्या सीपीने फाइल्स नेल्या तर मालकी आणि परवानग्या जातात. सिस्टम वर येतेही, पण लॉगिन केल्यावर सुडो म्हणतं की माझा मालक यूआयडी ० असायला हवा आणि सेटयूआयडी बिट हवा. एवढं वाचलं की समजा, कॉपी चुकली. टार (अनेक फाइल्स एकत्र बांधलेली फाइल) उलगडताना ती सुडोने, -एक्सपीएफ आणि --न्यूमेरिक-ओनर देऊन उलगडा. उलट बूट पार्टिशनवर टार मालकीवरून कुरकुर करेल. फॅटमध्ये मालकीच नसते. तिथे --नो-सेम-ओनर द्या.

आता पत्ता. सीएमडीलाइन डॉट टीएक्सटीमध्ये रूटचा पत्ता पार्टयूयूआयडीने दिलेला असतो: आठ हेक्स आकडे, एक हायफन आणि ०२. ते आठ आकडे एमबीआरमधली डिस्कची ओळख आहेत, आणि एमकेलेबल चालवल्यावर ती ओळख दर वेळी नवी बनते. दुसऱ्या कार्डावरून फाइल्स आणल्या असतील तर सीएमडीलाइनमध्ये जुन्याच कार्डाचा आकडा राहतो. कर्नल त्या नावाचं पार्टिशन शोधत 'वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' म्हणत बसतो. नवा आकडा असा काढा:

सुडो बीएलकेआयडी /डेव्ह/एसडीबी१ /डेव्ह/एसडीबी२

तो सीएमडीलाइन डॉट टीएक्सटीमध्ये आणि रूट पार्टिशनवरच्या ईटीसी फोल्डरातल्या एफएसटॅबमध्ये, दोन्हीकडे घाला. एफएसटॅबमध्ये ०१ आणि ०२ अशा दोन ओळी बदलाव्या लागतात. एक राहिली तर बूट अर्ध्यावर जाऊन आणीबाणीच्या शेलमध्ये पडतं. फाइल्सना हात लावायचा नसेल तर उलटं करा, कार्डालाच जुनी ओळख द्या: सुडो एसएफडिस्क --डिस्क-आयडी /डेव्ह/एसडीबी, आणि त्यापुढे जुने आठ आकडे, त्यांच्या आधी शून्य आणि एक्स लावून. जुनं आणि नवं कार्ड एकाच वेळी एका मशीनला जोडायचं असेल तर हा मार्ग घेऊ नका. दोघांची ओळख एकच होईल.

सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी ही एकच ओळ असते. एडिटरने मध्येच ओळ तोडली तर त्यापुढचे पर्याय कर्नलपर्यंत नीट पोचत नाहीत. रूटवेट हा शब्द त्यात राहू द्या. कार्ड तयार व्हायला क्षणभर लागतो, तो नसेल तर कर्नल न थांबता पॅनिक करतो.

इमेज थेट लिहीत असाल तर

मग वरचं पार्टिशन आणि फॉरमॅट काहीच करायचं नाही. इमेज म्हणजे पूर्ण कार्डाची तयार प्रत, तिच्यात टेबल असतंच. डीडीचं ओएफ एसडीबी हवं, एसडीबी१ नाही. एसडीबी१ वर लिहिलं तर पूर्ण डिस्कची इमेज एका पार्टिशनच्या पोटात जाते आणि बोर्डाला त्या पार्टिशनच्या सुरुवातीला वाचता येईल अशी फाइल सिस्टम सापडत नाही. दुसरी चूक म्हणजे एक्सझेडने दाबलेली फाइल तशीच डीडीला देणं. आधी उलगडा, किंवा एक्सझेडकॅटचा पाइप डीडीत सोडा. बीएस ४एम (एम मोठा), कॉन्व्ह एफसिंक आणि स्टेटस प्रोग्रेस हे तीन पर्याय द्या. एफसिंक नसेल तर डीडी झालं म्हणतं तेव्हा बराच डेटा अजून रॅममध्ये असतो. हाताने फाइल्स भरल्या असतील तरी शेवटी सिंक चालवा, ते परत येईपर्यंत थांबा, दोन्ही पार्टिशन सोडवा आणि मगच कार्ड काढा.

पाय सोडून दुसरा बोर्ड असेल तर

बीगलबोन ब्लॅकचा रॉम फॅट पार्टिशनमध्ये एमएलओ नावाची फाइल शोधतो, आणि त्या पार्टिशनवर ॲक्टिव्ह खूण असावी लागते. पार्टेडमध्ये 'सेट १ बूट ऑन' दिलं नाही तर बाकी सगळं बरोबर असून कार्डाकडे दुर्लक्ष होतं. शिवाय तो आधी आतल्या ईएमएमसीवरून (बोर्डावरच बसवलेल्या मेमरीवरून) उठतो. कार्डावरून उठवायला कार्डाच्या स्लॉटजवळचं एस२ बटण दाबून धरून वीज द्या.

ऑलविनर चिपवाल्या बोर्डांत बूटलोडर कोणत्याही पार्टिशनमध्ये नसतो. तो कार्डाच्या सुरुवातीपासून ८ केआयबीवर, म्हणजे १६व्या सेक्टरवर, थेट लिहिलेला असतो: डीडीला बीएस १०२४ आणि सीक ८. जीपीटीचं टेबल ३३व्या सेक्टरपर्यंत जातं, म्हणजे ते याच जागेवर बसतं. म्हणून इथे एमएसडॉस (म्हणजेच एमबीआर) टेबल घ्या. काही नव्या ऑलविनर चिप १२८ केआयबीवरही बघतात, तिथे जीपीटी जमतं. आधी टेबल, मग बूटलोडर, हा क्रम मोडू नका.

रॉकचिपच्या नेहमीच्या मांडणीत बूटलोडरचा पहिला तुकडा ६४व्या सेक्टरवर आणि यू-बूट हा पुढचा बूटलोडर १६३८४व्या सेक्टरवर, म्हणजे ८ एमआयबीवर जातो. वर पायसाठी दिलेलं ४ एमआयबीपासूनचं पार्टिशन इथे वापरलं तर यू-बूट थेट त्याच्या आत लिहिलं जाईल आणि फाइल सिस्टम फाटेल. या बोर्डांना पहिलं पार्टिशन १६ एमआयबीवर सुरू करा.

सगळं बरोबर, तरी जुनंच परत येतं

कमांड न कुरकुरता चालल्या, कार्ड काढून घातलं, आणि जुनी पार्टिशन, जुन्या फाइल्स जशाच्या तशा. आधी अडॅप्टरच्या कडेची छोटी 'लॉक' कळ बघा. ती कार्डाला अडवत नाही, रीडर तिच्याकडे बघून ठरवतो. सैल झालेली कळ आत ढकलताना खाली सरकते. सुडो ब्लॉकडेव्ह --गेटआरओ /डेव्ह/एसडीबी चं उत्तर १ आलं तर कर्नलच्या मते कार्ड फक्त वाचनासाठी आहे. दुसऱ्या रीडरमध्ये घालून बघा.

उत्तर ० आहे, लिखाण झालं असं दिसतं आणि तरी काही टिकत नाही, तर कार्डाच्या कंट्रोलरने लिहिणं बंद केलं आहे. झिजलेली कार्डं अशीच जातात. वाचता येतं तोवर डेटा काढून घ्या. फॉरमॅटची कोणतीही कमांड त्याला परत आणत नाही.

बनावट कार्डाचं लक्षण वेगळं. ६४ लिहिलेलं आणि आत ८ जीबीच असलेलं कार्ड सुरुवातीला ठीक वागतं. रूट पार्टिशन भरत गेलं की खऱ्या क्षमतेपुढचा डेटा हरवतो किंवा फिरून सुरुवातीवर चढतो, आणि मघाशी नीट असलेलं बूट पार्टिशन बिघडतं. 'कालपर्यंत बूट होत होतं, पॅकेजेस टाकली आणि गेलं' अशी कहाणी ऐकली की आधी हे तपासा. एफ३ नावाचा संच बसवा आणि रिकाम्या कार्डावर चालवा:

सुडो एफ३प्रोब --डिस्ट्रक्टिव्ह --टाइम-ऑप्स /डेव्ह/एसडीबी

तो काही मिनिटांत खरी क्षमता सांगतो. यात कार्डावरचं सगळं जाऊ शकतं. डेटा ठेवायचा असेल तर कार्ड माउंट करून एफ३राइट आणि मग एफ३रीड चालवा; ते उरलेली जागा भरून परत वाचतात, त्याला मोठ्या कार्डावर तास लागू शकतात. पण बनावट कार्डावर तेही जुना डेटा झाकून टाकू शकतं, म्हणून आधी प्रत काढून ठेवा.